दोनदा ओढ लागली, दोन्ही मासे सुटले: गाइड बदलू नका

तुमची पोस्ट वाचली आणि मला अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या मॉपिन गावचा माझा पहिला सप्टेंबर आठवला. डेशूट्स नदी, गाइडबरोबर तीन दिवस, दोनदा ओढ लागली आणि दोन्ही वेळा स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट मासा) सुटला, तर आता गाइड बदलू का, असं विचारलंय तुम्ही. मी तिथे नव्हते, त्यामुळे छातीठोक नाही सांगत, पण "ओढ लागल्या लागल्या रॉड उचलला" असं तुम्हीच लिहिलंय आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे.

कास्टिंग (दोरी फेकणं), मेंडिंग (पाण्यावरची दोरी उचलून प्रवाहाप्रमाणे नीट करणं) येतं असं धरून चालते. मी लहानपणी बाबांबरोबर कर्लीच्या खाडीत गरवायला जायचे, तांबोशीने गरी ओढली की झटका मारायचा हे हातात मुरलेलं. ओरेगॉनला आल्यावर ट्राउट, तिथेही माशाने फ्लाय (किड्यासारखी दिसणारी पिसांची गरी) घेतली की रॉड वर. बुकिंगच्या वेळी ऑफिसातल्या माणसाला मुद्दाम विचारलं होतं, स्टीलहेडसाठी वेगळं काही शिकून येऊ का, तर म्हणे ट्राउट पकडताय ना, मग झालं! त्याचा राग अजून जात नाही. ओढ लागली की रॉड उचलू नको, असं गाइडने पहिल्याच सकाळी बजावलं होतं, पण तोवर उशीर झालेला, हात ऐकेचना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन कड्याआड गेल्यावर, फ्लाय प्रवाहात आडवी सरकत काठाकडे येत होती. आधी नुसती टकटक, मग दोरी जड झाली, रीलचे दोन क्लिक वाजले आणि मी रॉड वर घेतला. दोरी सैल. संपलं.

कारण साधं आहे. स्विंग करताना, म्हणजे फ्लाय प्रवाहात अशी आडवी सरकू देताना, आपण माशाच्या वर, प्रवाह येतो त्या बाजूला उभे असतो. मासा फ्लाय तोंडात घेऊन आपल्या जागेकडे परत वळतो, त्या वळण्यात हूक जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. त्याआधी उचललं की फ्लाय सरळ तोंडातून बाहेर. म्हणून रॉडचं टोक खाली, दोरी बोटाने दाबायची नाही, ड्रॅग (रीलचा ब्रेक) हलका, आणि ओढ लागली की काहीही करायचं नाही. रील सलग वाजायला लागली आणि वजन टिकलं की मग रॉड काठाच्या बाजूला आडवा न्यायचा. काहीजण हातात दोरीचा लूप धरून सोडतात, मला ते जमत नाही, रीलवर भरवसा ठेवा. नुसती टकटक होऊन थांबली तर पाय हलवू नका, तेवढ्याच लांबीचा कास्ट परत, मग लहान फ्लाय.

आणि दुपारी गाइड झोपू देतो म्हणून चिडू नका. नदी उत्तरेला वाहते, मासे दक्षिणेकडे तोंड करून असतात, ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत. तिथे बोटीतून मासेमारी चालत नाही, पाण्यात उभंच राहावं लागतं, तर काठी आणि खिळ्यांचे बूट घ्याच. डिपॉझिट भरण्याआधी नदी बंद झाली तर पैशांचं काय ते लेखी घ्या, 2021 मध्ये परतणारे मासे इतके कमी होते की स्टीलहेडसाठी नदी बंदच केली होती. म्हणूनच शेपटीजवळचा छोटा पर शाबूत असलेला, म्हणजे जंगली मासा, फोटोसाठी पाण्याबाहेर धरून उभे राहणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. पाण्यातच हूक काढा आणि जाऊ द्या.

गाइड तोच ठेवा. फक्त पहिला तासभर त्याला शेजारी उभं करा आणि सांगा, माझा हात वर जाताना दिसला तर ओरड.