नाव नाही टाकलं, मग प्रॉब्लेम काय?

प्रश्न : ताई, मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या यूट्यूब चॅनलसाठी एका शाळकरी मुलीवरच्या अत्याचाराची बातमी केली, नाव टाकलं नाही, चेहरा ब्लर केला, तरी सर म्हणतात व्हिडिओ काढा. मुलीच्या आईची तर परवानगी होती!

उत्तर : सर बरोबर आहेत, आधी व्हिडिओ काढ. व्हिडिओत शाळेची पाटी दिसतेय का, गल्ली दिसतेय का, आईचा बाईट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) आहे का ते बघ, कारण पॉक्सोच्या, म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये नुसतं नाव नाही तर पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही चालत नाही. शिक्षा किमान 6 महिने ते 1 वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि चॅनलचा मालक पण जबाबदार धरला जातो, म्हणजे सरांची झोप उडणारच ना. आईची परवानगी इथे चालत नाही गं, मुलीच्या हिताचं असेल तर विशेष कोर्टच लेखी कारण देऊन परवानगी देऊ शकतं. 2018 च्या निपुण सक्सेना केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आडून आडूनसुद्धा ओळख कळता कामा नये. आणि सगळ्यात जास्त चुकतात ते आरोपीच्या नावात, आरोपी मुलीचा काका असेल आणि तू त्याचं नाव, गाव, नातं सगळं सांगितलंस तर चेहरा ब्लर करून काय उपयोग, अख्ख्या गावाला कळलंच की!