लातूर आणि लातूर रोड ही एकच स्टेशनं आहेत का? हैदराबादहून येताना तिकीट कुठलं काढावं?

नाही, दोन्ही वेगळी. मध्ये साधारण तीस किलोमीटरचं अंतर आहे. लातूर रोड हे चाकूर तालुक्यातलं जंक्शन, विकाराबाद-परळी लाइनवरचं. ते दक्षिण मध्य रेल्वेत येतं आणि लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. तेव्हा बुकिंग करताना कोड बघा: शहराचा एलयूआर, जंक्शनचा एलटीआरआर. हैदराबादकडच्या काही गाड्या थेट लातूरला जातात. परळीकडे जाणारी असेल तर लातूर रोडला उतरून पुढं जावं लागतं. बॅगा घेऊन रात्री तिथं उतरण्यापेक्षा थेट गाडी बघितलेली बरी.

इतिहास लातूरचाच जास्त रंजक. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी 1911 मध्ये इथवर पोचली. तेव्हाचं स्टेशन गावात होतं. 2007 मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, आले आणि स्टेशन शहराबाहेर गेलं, म्हणून आता रिक्षा करावीच लागते. भाडं आधी ठरवा. पुढच्याच वर्षी मुंबईच्या मार्गावरच्या कुर्डुवाडी जंक्शनपर्यंतचे रूळही रुंद झाले, मुंबईचा थेट मार्ग मिळाला. मुंबईची लातूर एक्स्प्रेस रात्रभराची, तिचं रिझर्वेशन लवकर करा. दिवाळीत तर विचारूच नका.

एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तीही याच लातूर स्टेशनात. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी.