वाट दुरुस्त करून हिरमुसलेल्या मुलीस

नाशिक

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

साल्हेरच्या शिबिरावरून परतल्यावर लिहिलेले तुझे पत्र मी दोनदा वाचले. पाठीवर तंबू, शिधा आणि पहार वाहून नेली, डोंगरावर मुक्काम केला, आणि दिवसभर केले काय, तर तिरके चर खणले व मातीत दगड गाडले. एक पायरी बांधली नाही, परशुरामाच्या मंदिरापर्यंतही जाता आले नाही, मग हे काम कोणाच्या दृष्टीस पडणार, असे तू विचारतेस. श्रमदान चांगले असते वगैरे मी तुला सांगणार नाही. ते तुला ठाऊक आहे म्हणूनच तू गेलीस. तुला अजून पाणी दिसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

डोंगरातली वाट पावलांनी दबते, पण वाहून जाते ती पाण्याने. मध्यभागी खोलगट झालेल्या वाटेवर पावसाचे पाणी कडेला उतरत नाही, तिच्यातूनच धावते, मुरूम ओढून नेते आणि खालचे धोंडे उघडे पाडते. त्या धोंड्यांवरून चालणे नको म्हणून लोक शेजारच्या गवतात उतरतात, तेथे दुसरी घळ पडते, आणि पाहता पाहता एका वाटेच्या तीन होतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गेली असशील, तर चिखल चुकवणारी माणसे कडेचे गवत कसे तुडवत जातात, हे तू पाहिलेच असेल. म्हणून आधी पाणी वाटेबाहेर काढायचे. बाकी सगळे नंतर.

तुमच्या म्होरक्याने दगडांची ओळ तिरकी का घालायला लावली, हे त्याने समजावून सांगितले नाही, ही मात्र त्याची चूक. ओळ आडवी, काटकोनात घातली की पाणी तिच्यामागे तुंबते, गाळ भरतो आणि पुढच्या मोठ्या सरीत पाणी वरून उडी मारून खालची माती उकरते. तीच ओळ तिरकी घातली, दगडाचा बराचसा भाग जमिनीत गाडला आणि दरीकडचे तोंड मोकळे ठेवले, तर पाणी आपल्याच जोराने गाळ ढकलत बाहेर पडते. त्या तोंडाशी साचलेली माती दर वर्षी पावसाळ्यापूर्वी काढावी लागते. कंटाळवाणे आहे, मान्य. पण पायऱ्या बांधायच्या झाल्या तरी त्यांच्या वरच्या अंगाला पाणी आधी वळवावेच लागते, नाहीतर पायरीखालची माती जाते आणि पायरी हवेत लटकते.

या एका गोष्टीपायी मी माणसे तोडली, असे तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. आमच्या जुन्या गटाला सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यांच्या पायथ्याशी देणगीदारांच्या नावांचा फलक हवा होता. निचऱ्याला पैसे नाहीत, असे बैठकीत ठरले, आणि मी उठून बाहेर पडलो. त्यातले दोघे माझे जिवलग होते. पुढे एका पावसाळ्यानंतर मी त्या पायऱ्या मुद्दाम पाहून आलो. खालून माती गेलेली होती. हे मी त्यांना कधी बोललो नाही, आणि आज तुला लिहितो आहे, यावरून माझे मन किती साफ आहे ते तूच ठरव. मैत्री गेल्याची खंत आहे, हट्टाची नाही.

अमेरिकेतल्या अपालाचियन ट्रेलवर जाऊन काम करण्याविषयी तू विचारले आहेस. अवश्य जा. १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची ती वाट मुख्यतः स्वयंसेवकच राखतात, आणि १९६४ च्या कायद्याने राखलेल्या रानांत यंत्राची करवत सहसा चालत नसल्याने आडवे पडलेले झाड दोघांनी ओढायच्या करवतीने कापतात, हे तुला आवडेल. पण तेथेही तुझ्या हाती कुदळ देऊन निचऱ्याचे चरच खणायला लावतील, ही खात्री बाळग.

तोवर येथले शिकून घे. गडाच्या तटाचा ढासळलेला ताशीव दगड वाटेसाठी उचलायचा नाही, कितीही बरोबर बसत असला तरी. वनखात्याची परवानगी आणि गावातल्या जाणत्या माणसाचा सल्ला घेतल्याखेरीज कुदळ मारायची नाही. अंजनेरीसारख्या डोंगरावर, जेथले कंदीलपुष्प हे दुर्मीळ फुलझाड त्या डोंगराच्याच नावाने ओळखले जाते, तेथे तर एक ढेकूळही विचारून हलवायचे. दगड उलटताना पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता करावा, म्हणजे खाली विंचू असला तर तुझ्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. आणि कातळातल्या टाक्यात मातीचे हात, हत्यारे धुवायची नाहीत. ते गुराख्यांचे पिण्याचे पाणी आहे.

पहिला जोराचा पाऊस झाला की साल्हेरला पुन्हा जाऊ. भर पावसात, छत्री न घेता, तू केलेल्या प्रत्येक ओळीपाशी थांबून पाणी कोठे जाते ते पाहायचे आणि जेथे चुकले असेल तेथे लगेच खणायचे. शिखराचे नाव त्या दिवशी काढू नकोस, पोरी. फावडे मी आणतो. हातमोजे तुझे तू आण, गेल्या वेळी फोड आल्याचे लिहिले आहेस.

तुझा,
काका