बी-२ झालंय, आता जर्मनीत मास्टर्स: इंग्रजीतून की जर्मनमधून?

तू विचारलंस: पुण्यात बी.ए. जर्मन संपत आलंय, बी-२ (जर्मनच्या सहा पातळ्यांपैकी चौथी) पास आहेस, आता जर्मनीत आंतरसांस्कृतिक संवाद शिकायचाय. माध्यम इंग्रजी घ्यावं की जर्मन, खर्च किती, आणि बाबांचा प्रश्न, "याला नोकरी कुठे आहे?"

जर्मन माध्यम घे. त्यासाठी एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. इंग्रजी कोर्समध्ये वर्ग इंग्रजीत, मैत्री इंग्रजीत, आणि दोन वर्षांनी जर्मन होतं तिथेच राहतं, असं मी जवळून पाहिलंय. आपल्या विषयात तर भाषा हीच प्रयोगशाळा. तिथे बाहेर उभं राहून कसं चालेल?

मात्र बी-२ पुरणार नाही. बहुतेक विद्यापीठं टेस्टडाफ या जर्मनच्या परीक्षेच्या चारही भागांत ४ ही श्रेणी, किंवा डीएसएच या विद्यापीठांच्या भाषापरीक्षेत २ ही पातळी मागतात. आणि तेवढं झालं तरी सेमिनारची भाषा वेगळीच असते. मी सी-१, म्हणजे बी-२च्या वरची पातळी, घेऊन आले होते. वाचलेलं सगळं कळायचं, पण चर्चेत शिरायला फटच सापडायची नाही. मोठ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, हे अंगात मुरलेलं. इथे थांबलं की पाळी निघून जाते.

पहिल्या सत्राचा निबंध, ज्याला इथे हाउसआर्बाइट म्हणतात, मी १८ पानांचा लिहिला. कोण अभ्यासक काय म्हणतो ते नीट, क्रमाने मांडलं. प्राध्यापिकेने समासात एवढंच लिहिलं होतं: "यात तुम्ही कुठे आहात?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या भेटीच्या वेळेत गेले, तर त्यांनी पाऊण तास बसून एकेक परिच्छेद माझ्याबरोबर वाचला. सरांचं म्हणणं खोडणं आपल्याकडे आगाऊपणा ठरतो. इथे काहीच खोडलं नाही तर विचार केला नाही असं समजतात. हे कळायला मला एक वर्ष लागलं. तुला आधीच माहीत असावं म्हणून इतकं लांबवून लिहितेय.

दुसरं, मराठी घरी ठेवून येऊ नकोस. देअर, डी, डास ही जर्मन नामांची तीन लिंगं पाठ करताना इंग्रजीवाले घामाघूम होतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहेत. आइन-उंड-त्स्वान्त्सिश म्हणजे एक आणि वीस, आपल्या एकवीससारखंच. अडीच वाजलेत हे जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणून सांगतो, म्हणजे तिसरा अर्धा. आपला 'अडीच'ही 'अर्धतृतीय'वरूनच आलाय. पण 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक जर्मनमध्ये नाही. तिथे दोन्हीला एकच 'वीर'. मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "वीर हे शुक्रवारपर्यंत करू." त्यात ऐकणारा धरलाय की नाही? यावर मी वर्गात अर्धा तास बोलले. संपल्यावर सगळ्यांनी बाकांवर बोटांची पेरं आपटली. इथल्या वर्गात टाळ्यांऐवजी तसंच करतात. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण इथल्या झालो.

देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे डच संशोधक हॉफस्टेड वाचावे लागतीलच. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी एकेका देशाला गुण दिले. सातारा आणि शिलाँग एकाच आकड्यात कसे बसतात, हा प्रश्न तू विचारावास अशीच तिथे अपेक्षा असते.

कुठे? येना आणि केम्निट्झला हा विषय पक्का रुजलेला आहे. ओडरकाठच्या फ्रांकफुर्टचाही विचार कर (विमानतळवालं ते वेगळं). तिथे पूल ओलांडला की पोलंड, त्यामुळे दोन भाषांची सरमिसळ रोज रस्त्यातच दिसते.

खर्चाचं थोडक्यात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त सत्रशुल्क. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र आपल्याला सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. एपीएस प्रमाणपत्राचं (भारतातली कागदपत्रं खरी असल्याच्या पडताळणीचं) काम आजच सुरू कर, अर्ज त्यावाचून अडतो.

बाबांना खरं सांग: या पदवीच्या नावाची नोकरी नसते. या विषयातली माणसं कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात, विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयांत, स्थलांतरितांना जर्मन शिकवण्यात काम करतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. हे सगळं उत्तम जर्मन असेल तरच, म्हणून माध्यमाबद्दल एवढा आग्रह.

अर्जाच्या पत्रात 'मला लहानपणापासून परकीय भाषांची आवड' असं लिहू नकोस. तुझ्या घरात, तुझ्या गावात कोण कोणाला तू म्हणतं आणि कोणाला तुम्ही, त्यावर एक पान लिही. कच्चा मसुदा पाठव, आठवड्यात वाचून कळवते.