खिडकीतले बाबा

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, दोन वर्षं बुद्धिबळ खेळतोय. रविवारी स्पर्धेला आम्ही तिघं जातो. हॉलमध्ये पालकांना थांबू देत नाहीत, म्हणून हे खिडकीचे गज धरून उभे राहतात. त्याची चाल चुकली की कपाळावर हात! परवा सहाव्या फेरीत त्यानं वजीर फुकट घालवला. बाहेर आल्या आल्या सगळ्यांदेखत 'लक्ष कुठं होतं तुझं?' सुरू झालं, ते घर येईपर्यंत. आता शनिवारी रात्रीच त्याच्या पोटात दुखायला लागतं. यांना सांगायला गेलं की 'तुला त्यातलं काय कळतं?' काय करू?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, वीसेक वर्षं मी स्पर्धांना पंच म्हणून उभी राहिले. ती खिडकी मला पाठ आहे. लहान गटात काही पोरं चाल करतात, घड्याळ दाबतात आणि पटाकडे न बघता खिडकीकडे बघतात. बाबांचा चेहरा पडला की चाल चुकली हे त्यांना कळतं, आणि समोरच्या पोरालाही कळतं! एकदा एक गृहस्थ बाहेरून ओरडले, 'हात लावलाय त्यानं, घोडाच हलवायला लावा!' नियमानं बघणाऱ्यानं डावात पडायचं नसतं. पंच त्याला तिथून घालवू शकतो. हरकत खेळणाऱ्यानं घ्यायची, घड्याळ थांबवून. मी त्यांना जिना उतरायला लावला. मुलगा मान खाली घालून बसला होता, कान लालबुंद.

पण मी कुठल्या तोंडानं बोलते, तेही ऐका. माझा लेक दहा वर्षांचा असताना सांगलीला खेळायला नेला होता. घोड्याच्या एका चालीत राजाला शह आणि हत्तीवर मारा, इतकं सोपं त्याला दिसलं नाही. परतीच्या एसटीत मी जयसिंगपूरपासून हातकणंगल्यापर्यंत तोच डाव त्याला तोंडानं मांडून दाखवत होते. तो खिडकीबाहेर बघत होता. पुढं कितीतरी वर्षांनी बोलता बोलता म्हणाला, 'त्या दिवशी मला स्टँडवर उसाचा रस हवा होता, पण तू रागात होतीस म्हणून मागितला नाही.'

तुमच्या यजमानांना भावनेचं सांगू नका, आकड्यात सांगा. मुलाला फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, क्लासिकल (लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग असेल, तर हे दाखवा : अठरा वर्षांखालच्या आणि २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो. म्हणजे तेवढ्याच रेटिंगच्या मुलाशी हरला तर २० गुण जातात, जिंकला की २० परत येतात. पोरांचं रेटिंग असं वरखाली होतच राहतं. त्यापायी घरात सुतक कशाला?

आणि त्यांना काम द्या. रिकामा माणूसच खिडकीशी जातो. फेरी सुरू झाली की चहाला, पेट्रोल भरायला, कुठंही पाठवा. दाराशी तुम्ही उभ्या राहा, हातात डबा घेऊन. निकाल विचारू नका. तोंड बघून कळतोच. पुढच्या फेरीआधी दोन घास पोटात जाऊ देत. डाव कुठं बिघडला ते स्कोअरशीटवरून, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावरून, सर मंगळवारी क्लासला बघतील, त्याचेच पैसे भरतो ना आपण? 'काय कळतं' म्हणाले तर म्हणा, कळत नाही म्हणूनच मी दाराशी बरी.

येत्या रविवारी मात्र स्पर्धा नको. सक्तीही नको आणि 'बघ हं, तुझं नुकसान' असला टोमणाही नको. पट घरात डोळ्यांसमोर राहू द्या. तो आपण होऊन सोंगट्या मांडायला बसला, तर पुढच्या स्पर्धेचं त्यालाच विचारा. पोट शाळेच्या दिवशीही दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.