डिल म्हणजे बडीशेप नव्हे, आणि टँगी म्हणजे चटपटीत तर नव्हेच

प्रश्न असा आलाय की अमेरिकन घरगुती रेसिपीत ‘टँगी डिल पिकल’ असतं, म्हणजे काकडीचं लोणचं, त्याला ‘बडीशेपेचं चटपटीत लोणचं’ म्हटलं तर चालेल का.

नाही चालणार. डिल म्हणजे शेपू, तीच भाजी जिच्या वासाने अर्धं घर ताटावरून उठतं. बडीशेप म्हणजे फेनेल. रेसिपी व्हिडिओंत हा घोळ ऐकून ऐकून कान किटले, एकाने तर ‘डिल वीड’चं ‘शेपूचं तण’ केलं, अहो वीड म्हणजे इथे नुसता पाला, बिया नकोत एवढंच सांगायचंय त्यांना. आता बाळंतशेपा या शेपूच्याच बिया आणि बडीशेप म्हणजे मोठी शेप, त्यामुळे घोळाला आपली मराठीही थोडी जबाबदार आहे म्हणा.

इंग्रजीतले हौशी लोक डिलची व्युत्पत्ती नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ‘डिल्ला’वरून लावतात, म्हणजे बाळाला जोजवणं, कारण ग्राइप वॉटरमध्ये शेपूचं तेल असायचं. गोष्ट गोड आहे पण जुन्या इंग्रजीत ‘डिले’ आणि जुन्या जर्मनमध्ये ‘टिल्ली’ होतेच, ते काय अंगाई ऐकून आले?

खरी मजा आहे ‘टँग’मध्ये, म्हणजे जिभेला झोंबणाऱ्या आंबट चवीत! मूळ नॉर्स ‘टांगी’, म्हणजे टोक. सुरीच्या पात्याचा जो निमुळता भाग लाकडी मुठीत ठोकलेला असतो त्याला इंग्रजीत आजही टँगच म्हणतात, मध्ययुगात सापाच्या जिभेलाही म्हणायचे. तेच टोचणारं टोक पुढे जिभेला टोचणारी चव झालं. आणि आपलं ‘तिखट’? ते ‘तीक्ष्ण’वरून! म्हणजे दोन्हीकडे चवीसाठी हत्यारच उचललंय, त्यांनी आंबटासाठी, आपण मिरचीसाठी. माझं तर म्हणणं आहे की पोर्तुगीजांनी मिरची आणायच्या आधी आपलं तिखट त्यांच्या टँगच्या बरंच जवळ असणार, मिरी आणि आलं चावून बघा, जीभ टोचते तशी. कोशवाले यावर नाक मुरडतील, मुरडू देत.

चटपटीत मात्र सपशेल चूक, कारण त्यात मसाला आला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला ज्यू विक्रेते पिंपात काकड्या घालायचे त्यात मिठाचं पाणी, लसूण आणि फुलांबियांसकट शेपूचे तुरे, ना तेल ना व्हिनेगर. आंबटपणा येतो तो आंबवल्याने, आपल्या इडलीच्या पिठासारखा. थोडे दिवस ठेवलं की हिरवंगार कुरकुरीत ‘हाफ सावर’, जास्त मुरलं की शेवाळी रंगाचं ‘फुल सावर’. अमेरिकेतल्याच व्हर्मांट राज्याकडच्या ‘डिली बीन्स’, म्हणजे शेपू घातलेल्या शेंगा, मात्र थेट व्हिनेगरात घालतात, आणि सॅलडवर घालायच्या रँच ड्रेसिंगमधला टँग ताकाचा.

तेव्हा ‘शेपू घालून आंबवलेली काकडी’ लिहा. बरणीवर ‘कोशर डिल’ (कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं) दिसलं तर त्याचा अर्थ बहुतेकदा लसूण घातलेलं एवढाच, धर्माचे नियम पाळलेच असतील असं नाही, त्यामुळे त्याचं ‘सोवळ्यातलं लोणचं’ करू नका.