आधी पान सांग

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचलं. आपल्या वाचक मंडळाच्या गेल्या बैठकीत तू म्हणालीस, 'मला ही कादंबरी नाही आवडली.' कुणीतरी विचारलं, 'का?' तू अडखळलीस, 'बोअर झालं' म्हणालीस, आणि 'वय लहान आहे अजून, पुढे कळेल' एवढ्यावर विषय आटोपला. आता तू विचारतेस, यापुढे आवडलेल्या पुस्तकांवरच बोलले तर चालेल का?

चालणार नाही. नावडलेलं सांगायचं सोडलंस की तुझ्या 'आवडलं'ची किंमतही जाते. सगळ्याच पुस्तकांना चांगलं म्हणणाऱ्याचं ऐकून कुणी पुस्तक घरी नेत नाही. वयाचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. नुसत्या वयाने वाचन पिकत नाही. पण त्या दिवशी तुझ्या हातात पान नव्हतं, हे खरं. कंटाळा कुठल्या पानावर सुरू झाला ते तू सांगितलं असतंस, तर समोरच्याला तुझं वय काढायला जागाच उरली नसती. म्हणून या पत्रात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नकोस. आधी पान सांग. मत मागून.

पान बैठकीच्या आदल्या रात्री शोधायला बसलं तर सापडत नाही. ते वाचतानाच धरून ठेवावं लागतं. वहीच्या कोऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या काप. वीसेक पट्ट्या आणि एक पेन्सिल पुस्तकासोबत असू दे. वाचताना जिथे थांबशील, मग ते आनंदाने असो, रागाने असो की काही कळलं नाही म्हणून, तिथे पट्टी घाल. तिच्यावर तीन गोष्टी लिही: पानाचा आकडा, त्या जागी काय चाललंय ते चार शब्दांत, आणि तुला काय वाटलं ते चार शब्दांत. 'पा. ११२, छान' ही पट्टी पंधरा दिवसांनी काहीच सांगत नाही. 'पा. ६७, आजी नातवाला रागावते, इथे आजी एकदम पुस्तकी बोलायला लागली' ही पट्टी महिन्यानेही बोलते. दोनशे पानांच्या कादंबरीला दहा-बारा पट्ट्या पुरतात. चाळीस झाल्या तर तू निवड केलेली नाहीस, आणि दोनच निघाल्या तर पुन्हा एकदा चाळ.

वाचनालयाच्या पुस्तकात चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या लावू नकोस. आपल्याकडच्या दमट हवेत डिंक कागदाला धरून बसतो आणि काढताना छपाईच उचलून आणतो. लोखंडी क्लिपही नको; जुलैत लावलीस तर गणेशचवथीपर्यंत गंजाचा डाग पडलेला असेल. कोपरे दुमडण्याबद्दल तुला सांगायची गरज नसावी.

पानासोबत प्रकरणही सांगायची सवय लाव. पुनर्मुद्रणात पानं सहसा जुळतात, पण नवी आवृत्ती नव्याने अक्षरजुळणी करून निघाली असेल तर तुझं पान ६७ दुसऱ्याच्या प्रतीत ७९ वर असतं, आणि अर्धी बैठक पानं उलटण्यात जाते. शीर्षकपानाच्या मागची बाजू नीट वाच. आवृत्ती कितवी, साल कुठलं, संक्षिप्त आहे का, अनुवाद असेल तर मूळ भाषेतून केलाय की इंग्रजीवरून, हे सगळं बहुतेक वेळा तिथेच मिळतं. संक्षिप्त प्रत वाचून 'पात्रं अर्धवट वाटतात' म्हणायचं हा त्या पुस्तकावर अन्याय आहे. दुसरी आवृत्ती बघायची असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासून चालत आलेली संस्था आहे ती. एक सकाळ काढून जा.

पुस्तक संपलं की दोन दिवस काही लिहू नकोस. शेवटची वीस पानं सबंध पुस्तकावर आपला रंग चढवतात. शेवट चांगला तर सगळंच चांगलं वाटतं, शेवट फसला तर सगळंच फसलेलं. दोन दिवसांनी पट्ट्या काढून ओळीने मांड. आधीच्या पट्ट्या काय म्हणतात ते तेव्हा स्वच्छ दिसतं.

आता बोलण्याबद्दल. आपण आठ-दहा जण असतो, दर माणशी पाच मिनिटं आणि मग चर्चा. पुस्तकाचं नाव, साल, प्रकार, पानं, एवढं अर्ध्या मिनिटात. कथानक जास्तीत जास्त एक मिनिट. सगळ्यांचा घोटाळा इथेच होतो: चार मिनिटं गोष्ट सांगण्यात जातात आणि शेवटी 'एकंदरीत छान आहे' एवढंच पदरात पडतं. गोष्ट ज्याला हवी तो वाचेल. तू उतारा वाच. मोठ्याने, सावकाश वाचलं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, आणि साध्या कादंबरीच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. म्हणजे सबंध पानाला दोन मिनिटांहून जास्त लागतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. अर्धं पान पुरे. घरी दोनदा मोठ्याने वाचून ये, कारण जोडाक्षरांत अडखळलं की वाक्य मरतं. पत्र्यावर पाऊस वाजत असला तर थांब, जोर ओसरू दे. उरलेली दोन मिनिटं त्या अर्ध्या पानाबद्दल बोल, सबंध पुस्तकाबद्दल नको.

हे कसं करायचं ते एका उदाहरणावर दाखवतो. 'मृत्युंजय' घे. १९६७ चं पुस्तक, आपल्या मंडळात त्यावर जीव टाकणारे आहेत आणि अर्ध्यात सोडलेलेही. दोन्हीकडचे तेच ते बोलतात: 'काय भाषा आहे!' आणि 'भाषा फार जड.' यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. त्या कादंबरीची रचना बघ. कर्ण स्वतः बोलतो, आणि त्याच्याखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही आपापल्या तोंडाने बोलतात. मग खरा प्रश्न असा, की हे सहा आवाज वेगळे ऐकू येतात का? वृषालीच्या निवेदनातला एक परिच्छेद आणि दुर्योधनाच्या निवेदनातला एक परिच्छेद शेजारी शेजारी वाच. नावं झाकून वाच आणि लोकांना ओळखायला सांग. ओळखता आलं तर तुझी तक्रार बारगळली, कबूल कर. नाही आलं तर 'भाषा जड' यापेक्षा कितीतरी नेमकं काही तुला सांगता येईल: अलंकार जास्त आहेत हा मुद्दा बाजूला राहील आणि ते सगळ्यांच्या अंगावर सारखेच आहेत हा मुद्दा पुढे येईल. ज्याला पुस्तक प्राणापलीकडे आवडतं त्यालाही यावर बोलावं लागतं. पानाने हे होतं. नुसत्या मताने कधी झालेलं नाही.

तुझा 'बोअर' हा शब्दही असाच उलगडून बघ. 'कोसला' (१९६३) वाचताना पुष्कळांना कंटाळा येतो. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरचे दिवस तेच ते, वसतिगृह तेच, मेसही तीच. पण तो कंटाळा पांडुरंगचा आहे की तुझा? पात्राचा कंटाळा लेखकाने मुद्दाम आणलेला असतो, आणि तो आणण्याची कसोटी वाक्यावाक्यात लागते. तसं एक पान काढून दाखव, मग हवं तर म्हण की मला हे पेलवलं नाही. ते म्हणण्यात काही कमीपणा नाही.

नावडण्याचे प्रकार वेगळे ठेवायला शीक. एक, पुस्तक आपल्या जातकुळीचं नसणं. रहस्यकथा न आवडणाऱ्याने रहस्यकथेला नावं ठेवू नयेत. दुसरा, पुस्तक चुकीच्या वेळी हातात पडणं. परीक्षेच्या आठवड्यात वाचलेल्या दीर्घ कादंबरीबद्दल बोलूच नकोस, पुन्हा वाच. तिसरा, छपाई-मुद्रितशोधन-अनुवाद यांचा दोष, जो मूळ लेखकाच्या माथी मारायचा नसतो. अनुवाद फसला असेल तर वाक्यच सांगतं: 'त्याच्याद्वारे करण्यात आले' अशी वाक्यं एकामागून एक यायला लागली, की समज, मूळ पुस्तक अजून तुझ्यापर्यंत पोचलेलंच नाही. चौथा प्रकार खरा: पुस्तकाने स्वतःच जे करायचं म्हटलं तेच त्याला साधलेलं नाही. बैठकीत हा चौथा घेऊन ये. आणि प्रत्येक नावडत्या पुस्तकातली निदान एक पट्टी अशी आण जिथे ते साधलंय, आणि आवडत्यातली एक अशी जिथे ते घसरलंय. ही दुसरी पट्टी शोधायला जास्त जड जातं, तरी आण.

आपण गोव्यातले वाचक काही चुका चटकन पकडतो. समज, एखाद्या कादंबरीत कुणी श्रावणात ताजा हुर्राक पितोय. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, काजूच्या हंगामातली, मार्च ते मे. श्रावणात ताजा हुर्राक कुठला? पट्टी जरूर घाल. पण एवढ्यावर पुस्तक मोडीत काढू नकोस. तो प्रसंग त्या हंगामावर उभा आहे का ते बघ. उभा असेल तर चूक मोठी, नुसता जाता जाता उल्लेख असेल तर संपादकाची डुलकी.

आणि आता आपल्याकडचं खरं अवघड. गोवा लहान आहे. लेखक शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो, नाहीतर त्याची भाची तुझ्या वर्गात असते. अशा वेळी तोंडातून 'वाचनीय', 'स्तुत्य प्रयत्न' असे शब्द निघतात. असे शब्द मीही पुष्कळ वापरले, ओळखीपोटी, आणि ते परत घेता येत नाहीत याची मला आजही खंत आहे. ज्यांना मी 'वाचनीय' म्हटलं त्यांच्या पुढच्या पुस्तकात तीच चूक पुन्हा आली. मी पान दाखवलं असतं तर कदाचित टळली असती. तू हे करू नकोस. ओळखीच्या लेखकाच्या पुस्तकालाही तीच पट्टी, तोच आकडा. माणसावर, गावावर, घराण्यावर एक शब्दही नको. 'तुमच्या पुस्तकातलं पान १४० मला पटलं नाही, का ते सांगते' हे लेखक ऐकून घेतो. राग आलाच तर तो पानावर येतो.

भाषेच्या वादातही पुस्तक ओढू नकोस. लेखक मराठीच्या बाजूचा की कोंकणीच्या, यावरून पुस्तक आवडून घेणारे आणि नावडून घेणारे दोन्ही आपल्यात आहेत, आणि मला दोघांचाही राग येतो. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, महाबळेश्वर सैल दोन्हींत लिहितात. वाचकाला यात तोटा कुठला? कोंकणी पुस्तकावर बोलताना उतारा कोंकणीतच वाच, मग मराठीत बोल. इथे कुणाला अर्थ सांगावा लागत नाही.

मला मंडळात हट्टी म्हणतात, हे तुझ्या कानावर असेलच. कुणी 'अप्रतिम' म्हटलं की मी 'कुठलं पान?' विचारतो, आणि त्यामुळे दोघे-तिघे यायचे थांबले. त्याचं वाईट वाटतं. माझा स्वर कदाचित चुकत असेल, प्रश्न चुकत नाही. 'अप्रतिम' ऐकून मी पुस्तक उघडलं तर कुठे बघू? पान सांगणारा माणूस मला वाट दाखवतो. तू तरी माझ्यापेक्षा मऊ आवाजात विचार, पण विचार.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर बोलता येतं, फक्त खरं सांग: 'मी ८४ पानांपर्यंत गेले, एकूण ३१० आहेत.' पन्नास पानांच्या आत सोडलं असेल तर गप्प बस. कथासंग्रह असेल तर पहिली, शेवटची आणि जिच्यावरून संग्रहाचं नाव पडलंय ती, एवढ्या तीन कथा तरी वाचल्या पाहिजेत. कविता एकच घे, पण दोनदा वाचून दाखव.

पुस्तक उसनं देताना पट्ट्या काढू नकोस. त्याच तर द्यायच्या असतात. पाठवताना आधी कापडात गुंडाळ, वरून प्लास्टिक, आणि घेणाऱ्याला पोचल्याबरोबर प्लास्टिक काढायला सांग. आत कोंडलेल्या ओलाव्याने आठवड्यात बुरशी धरते. कपाटात पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेव, घट्ट कोंबू नकोस, उघडीप मिळाली की पानं वाऱ्यावर फडफडव. कडक उन्हात मात्र ठेवू नकोस, बांधणीचा डिंक तडकतो.

चवथीनंतरच्या पहिल्या बैठकीला तीच कादंबरी पुन्हा घेऊन ये, जिच्यावर तू गप्प झालीस. निदान आठ पट्ट्या आण, त्यातली एक तरी चांगल्या बाजूची. पहिला वेळ तुझा ठेवायला मी सांगून ठेवलंय. मला ती कादंबरी फार आवडते, हे तुला माहीत आहे. माझीही प्रत माझ्या पट्ट्यांसकट आणतो. तुझी प्रत नव्या आवृत्तीची आहे, तेव्हा प्रकरणांचे आकडे लिहून आण.

तुझा,
भाई